डिकी, स्टेपनी आणि 'आउट ऑफ स्टेशन'

पुण्याच्या स्वारगेट एसटी स्थानकात अर्धा तास उभे राहिले, तरी मराठीच्या ओघात कितीतरी इंग्रजी शब्द कानी पडतात. स्टँड, डेपो, हाफ तिकीट, लगेज, डिकी, स्टेपनी! हे शब्द इंग्रजीतून आलेले असले, तरी जगातील सर्व इंग्रजी भाषकांना ते याच अर्थाने कळतील, असे मात्र नाही.

आपले रोजच्या वापरातील इंग्रजी प्रामुख्याने ब्रिटिश वळणाचे आहे. आपण गाडीत पेट्रोल भरतो, अमेरिकेत 'गॅस' भरतात. जेधे चौकातील 'फ्लायओव्हर' तेथे 'ओव्हरपास' ठरतो, तर भुयारी मेट्रो स्थानकातील 'लिफ्ट' ही 'एलिव्हेटर'. आपण ज्याला 'फूटपाथ' म्हणतो, तो ब्रिटनमध्ये 'पेव्हमेंट' आणि अमेरिकेत 'साइडवॉक' असतो. येथे सावध राहायला हवे. कारण अमेरिकेत 'पेव्हमेंट' म्हणजे बहुधा वाहने धावतात तो पक्का रस्ता!

ब्रिटनमध्येही आपले सर्व शब्द चालतील असे नाही. लांब पल्ल्याच्या बसला तेथे 'कोच' म्हणतात. लंडनमधील अशा बसचे मोठे स्थानक 'व्हिक्टोरिया कोच स्टेशन' या नावानेच ओळखले जाते. गाडीच्या मागील सामानाच्या कप्प्याला ब्रिटिश 'बूट' म्हणतात आणि अमेरिकन 'ट्रंक'. आपली 'डिकी' मूळची ब्रिटिशच. घोडागाडीवरील गाडीवानाच्या किंवा नोकराच्या बाहेरील आसनाला आणि पुढे मोटारीच्या मागील उघड्या आसनाला हे नाव होते. ती आसने गेली. शब्द मात्र पुणेकरांच्या स्कूटरच्या आसनाखाली येऊन विसावला.

'स्टेपनी'ची कथा याहून रंजक आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारींसोबत जादा चाक नसे. वेल्समधील लानेली गावच्या डेव्हिस बंधूंनी १९०४च्या सुमारास पंक्चर झालेल्या चाकाला जोडता येणारे जादा चाक तयार केले. त्यांचा कारखाना स्टेपनी स्ट्रीटवर होता, म्हणून ते 'स्टेपनी'. आज ब्रिटनमध्ये 'स्पेअर व्हील' म्हणतात; जुना शब्द भारतात आणि माल्टासारख्या देशात टिकून आहे.

'साहेब आउट ऑफ स्टेशन आहेत' हे वाक्यही असेच. कंपनी सरकारच्या काळी इंग्रज अधिकारी जेथे राहत, त्या ठाण्याला 'स्टेशन' म्हणत. अधिकारी गेले, ठाणीही गेली. परगावी जाणारा माणूस मात्र अजून 'स्टेशनाबाहेर'च असतो. आज परदेशी पाहुण्याला या वाक्यातून रेल्वे स्थानकच आठवण्याची शक्यता अधिक. उलट बैठक अलीकडे घेणे या अर्थाचा 'प्रीपोन' हा भारतात रूढ झालेला शब्द ऑक्सफर्डच्या कोशांनीही नोंदवला आहे.

शिक्षणासाठी परदेशी गेलेला विद्यार्थी किंवा मुलांकडे गेलेले आईवडील असा एखादा शब्द उच्चारतात, समोरचा गोंधळतो आणि 'आपले इंग्रजी कच्चे' अशी खंत मनात घर करते. ती अनाठायी आहे. मराठीत कोल्हापूरचा शब्द नागपुरात वेगळा असतो, म्हणून तो चुकीचा ठरत नाही, इंग्रजीचेही तसेच. ज्या गावी जायचे, तेथील शब्द जाणून घ्यावा आणि आपला शब्द मात्र निःसंकोच जपावा, हेच उत्तम.