वर्धिष्णू मनोवृत्ती, नोकरवर्गातील

आपली कर्तबगारी जन्मजात व ठरीव नसून अभ्यासाने, इतरांच्या सल्ल्याने व चुकांच्या दुरुस्तीने वाढविता येते, अशी जी कर्मचाऱ्याची धारणा, तिला ही संज्ञा लावतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कॅरोल ड्वेक (जन्म १९४६) यांच्या २००६ मधील ‘माइंडसेट’ या ग्रंथाने ती लोकप्रिय केली. हिच्या उलट ती स्थिर मनोवृत्ती. हा भेद कचेरीत सहज दृष्टीस पडतो: कोषागारातून लाल शाईच्या हरकतीसह परत आलेले देयक एक कारकून मुकाट्याने गठ्ठ्याच्या तळाशी सरकवितो, तर दुसरा तोच शेरा नियमपुस्तिकेशी ताडून पाहतो आणि समासात पेन्सिलीने खूण करून ठेवतो.

परंतु हा गुण वा दोष एकट्या नोकराच्या पदरी घालणे न्याय्य नव्हे. अमेरिकन संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ज्या रुग्णालयीन तुकड्यांतील परिचारिकांचे प्रमुखाशी संबंध मोकळे होते, तेथेच औषधविषयक चुकांची नोंद अधिक आढळली. चुका सांगण्याची धास्ती तेथे कमी होती, हे त्याचे कारण त्यांनी मानले. टोयोटाच्या कारखान्यांत तर दोष दिसताच कामगाराने इशारा द्यावा, वेळ पडल्यास जुळणीचे काम थांबवावे, अशी रीतच आहे. जेथे प्रत्येक चुकीवर कैफियत मागविली जाते व सेवापुस्तकात ठपका चढतो, तेथे वर्धिष्णुतेची व्याख्याने व्यर्थ होत. १९६१ च्या केंद्रीय कायद्यातील शिकाऊ उमेदवारालाच काय ती चुकण्याची मुभा, कायम झालेल्याने सर्व जाणलेच पाहिजे, हा समज आपल्याकडील अनेक दफ्तरांत अद्याप रूढ आहे.