कादंबरीच्या आरंभापूर्वी

कादंबरी वर्षानुवर्षे मनात घोळते, टिपणांच्या वह्या भरतात, ग्रंथालयांचे खेटे होतात आणि तरीही पहिले पान कोरेच राहते, या अवस्थेचे खापर सहसा लेखकाच्या आळसावर किंवा धास्तीवर फोडले जाते. परंतु मराठी कादंबरीचा इतिहास पाहिला, तर ही अवस्था सर्व काळी सारखी आढळत नाही, आणि तिची लांबी लेखकाच्या स्वभावाइतकीच छापखाना, नियतकालिक आणि ऐतिहासिक साधनांची उपलब्धता यांनी ठरवलेली दिसते.

लेखनाच्या पूर्वतयारीचा विचार मराठीत कादंबरीपेक्षा पुष्कळ जुना आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास, ‘लेखनक्रियानिरूपण’, हा जवळजवळ संपूर्णपणे याच विषयाला वाहिलेला आहे. देशोदेशीचे बारीक आणि सरळ बोरू आणावेत, म्हणजे लेखणी करण्यासाठी लागणाऱ्या काड्या निवडून घ्याव्यात, टाक तोडण्याच्या नाना पद्धती माहीत असाव्यात, मसीचा म्हणजे शाईचा आणि हिंगुळाचा संग्रह ठेवावा, ओळी आखून घ्याव्यात, आणि पानाच्या चारही बाजूंना जागा सोडून मधेच लिहावे, म्हणजे कागद कडेने झडला तरी अक्षराला धक्का लागणार नाही, इतक्या बारकाईने रामदास सांगतात. ही तयारी हाताची आणि साहित्याची आहे, कारण ती नकलून घेणाऱ्या लेखकासाठी आहे. काय लिहायचे हा प्रश्न तिथे उद्भवतच नाही. तो प्रश्न कादंबरीबरोबर आला.

बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७) या आरंभीच्या कादंबरीचा हेतू हिंदू विधवांच्या स्थितीचे निरूपण करणे हा उघडच होता, त्यामुळे तिच्यापुरते तरी विषयाचा शोध घेण्यात वेळ जाण्याचे कारण नव्हते. पुढे ‘विविधज्ञानविस्तार’सारखी मासिके निघाली, रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ त्याच मासिकातून वाचकांपुढे आली, आणि कादंबरी क्रमशः, म्हणजे अंकाअंकातून तुकड्यातुकड्याने, प्रसिद्ध करण्याची रीत रुळली.

या रितीचा खरा परिणाम हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांच्या लेखनात पाहावयास मिळतो. त्यांची ‘मधली स्थिती’ १८८५ मध्ये ‘पुणे वैभव’ या पत्रातून येऊ लागली तेव्हा ते जेमतेम विशीत होते; १८९० मध्ये त्यांनी स्वतःच ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यातूनच क्रमशः दिली. आपलेच पत्र, आपलीच कादंबरी आणि दर आठवड्याला छापखान्यात खोळंबलेला जुळारी, म्हणजे शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी बांधणारा कामगार, अशा व्यवस्थेत चालढकलीला जागाच उरत नाही. पहिले प्रकरण वाचकांच्या हाती पडते तेव्हा शेवटचे लेखकाच्या डोक्यात पुरते आकारलेलेही नसते, आणि एकदा छापून गेलेला मजकूर मागे घेता येत नाही. आनंदाश्रमाची व्यवस्था आणि नगरपालिकेचे काम सांभाळत त्यांनी वर्षानुवर्षे हा रतीब घातला. त्यांच्या कादंबऱ्यांतील पाल्हाळ, मधेच वाचकांशी चालणारे हितगुज आणि काही कादंबऱ्यांचे अर्धवट राहणे यांबद्दल टीकाकारांनी त्यांना पुष्कळदा दोष दिला आहे; तो दोष निम्मा तरी वेळापत्रकाच्या पदरात घालावा लागेल. उलट ‘पण लक्षात कोण घेतो’ची निवेदिका यमुना हिच्या निवेदनातील बोलका, घरगुती ओघही त्याच घाईने दिला असावा, असे मानण्यास जागा आहे. सावकाश आराखडा आखून बसलेल्या लेखकाने तो कदाचित घोटून घोटून निर्जीव केला असता.

आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांना साधनांच्या अभावाचीही सोबत होती. वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड, ज्यात पानिपतच्या काळातील पत्रे आहेत, तो १८९८ मध्ये निघाला. भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना १९१० ची, आणि गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेले पेशवे दप्तराचे ४५ खंड १९३० नंतरचे. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिवकाल रंगवणाऱ्या कादंबरीकाराकडे मुख्यतः बखरी, म्हणजे घटनांनंतर सांगोवांगीच्या आधारे रचलेले गद्य वृत्तांत, आणि ग्रँट डफचा इंग्रजी इतिहास एवढेच होते. वाचण्याजोगे थोडे असले की तयारी लवकर आटोपते. छापील साधनांचा ढीग वाढला, तसा लेखकाला लिहायला बसण्यापूर्वी आणखी एक खंड पाहून घेण्याचा मोह, आणि सन्माननीय सबबही, मिळाली.

रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’ने (१९६२) ही अभ्यासपूर्ण तयारी लोकप्रिय केली, पण तिचे सर्वांत ठळक चिन्ह त्यांच्या ‘श्रीमान योगी’च्या आरंभी आहे. नरहर कुरुंदकरांनी देसाईंना उद्देशून लिहिलेले दीर्घ पत्र तिथे प्रस्तावना म्हणून छापलेले आहे. पुराव्यांच्या आणि आख्यायिकांच्या गर्दीतून ललित लेखकाने कोणता शिवाजी उभा करायचा, याचा त्यात वकिली थाटाचा ऊहापोह आहे, आणि कित्येक वाचक ते पत्र मूळ कादंबरीपेक्षाही आवडीने वाचतात. पडद्याआड राहायचा तो खल येथे पुस्तकाच्या दारातच मांडला गेला, आणि तयारी ही दाखवण्याजोगी गोष्ट ठरली. पुढे विश्वास पाटील यांच्या ‘पानिपत’पर्यंत (१९८८) वाचकांनी ऐतिहासिक कादंबरीकाराकडून कागदपत्रांची झडती गृहीतच धरली.

काही तयारी मात्र तयारी म्हणून केलेलीच नव्हती. विभावरी शिरूरकर, म्हणजेच मालतीबाई बेडेकर, यांनी १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात सोलापूर येथील सेटलमेंटमध्ये नोकरी केली. १८७१ च्या कायद्याने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना तारेच्या कुंपणाआड डांबून ठेवण्याच्या त्या वसाहती होत्या. त्या अनुभवावरची ‘बळी’ १९५० मध्ये प्रसिद्ध झाली, म्हणजे मध्ये दहा वर्षे गेली, आणि देशभरातून तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. या दहा वर्षांना दिरंगाई म्हणणे सोपे आहे, पण पुस्तकातील संताप शमलेला नसून नितळलेला आहे, हे श्रेय त्या अंतराला द्यावे लागते.

भालचंद्र नेमाडे यांच्या बाबतीत दोन्ही टोके एकाच लेखकात भेटतात. ‘कोसला’ (१९६३) त्यांनी पंचविशीत, प्रकाशक रा. ज. देशमुख यांच्या तगाद्यानंतर, काही आठवड्यांत लिहून काढली. ‘झूल’ (१९७९) आणि ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ (२०१०) यांच्यामध्ये मात्र एकतीस वर्षांचे अंतर आहे. त्या काळात कवितासंग्रह आला, ‘टीकास्वयंवर’ आले, आणि येणार येणार म्हणून गाजत राहिलेल्या कादंबरीविषयी वाचकांत थट्टाही झाली. ‘हिंदू’मध्ये उत्खनने, जातीपाती, लोकगीते, शेतीची अवजारे यांची जी प्रचंड साठवण आहे ती वाचताना साहित्य गोळा करण्याची आवड कथानकावर मात करते की काय, अशी शंका येते; मात्र शीर्षकातच अडगळ म्हटल्यावर लेखकाने तक्रारीची वाट आधीच बुजवली आहे, हे खरे.

या सर्व काळात तगाद्याची संस्था टिकवली ती दिवाळी अंकांनी. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून पावसाळ्यातच संपादकांचा मजकुरासाठी धोशा सुरू होतो, आणि कथेबरोबर छोटी कादंबरीही अंकात बसवण्याची पद्धत पडली. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’, जिच्यामागे माणदेशातील त्यांच्या शिक्षकीचा जुना अनुभव होता, पुस्तकरूपाने येण्यापूर्वी ‘मौज’च्या दिवाळी अंकात आली. दिवाळीची तारीख पंचांगात ठरलेली असते आणि ती कोणत्याही लेखकासाठी पुढे ढकलता येत नाही. तिच्या आत हाती येणार नाही एवढी मोठी कादंबरी मात्र या व्यवस्थेच्या बाहेरच राहिली, आणि तिच्या लेखकाला तगादा लावणारा प्रकाशक स्वतःच शोधावा लागला.