समुद्राखालची रात्र

18 डिसेंबर 2009, शुक्रवारची रात्र. पॅरिसहून लंडनला जाणाऱ्या युरोस्टारमध्ये तुम्ही बसला आहात. नाताळ आठवड्यावर आलाय. वरच्या रॅकमध्ये भेटवस्तूंच्या पिशव्या कोंबल्या आहेत आणि समोर डिस्नेलँड बघून परतणारी एक मुलगी मिकीचे कान घालून पेंगते आहे. सव्वादोन तासांचा तर प्रवास.

गाडी इंग्लिश खाडीखालच्या बोगद्यात शिरते. थोड्या वेळाने वेग मंदावतो आणि ती थांबते. आधी एसी बंद पडतो, मग दिवे जातात. मिणमिणते इमर्जन्सी दिवे तेवढे उरतात.

तुम्ही पुढच्या काळातून आलात, म्हणून कारण तुम्हाला ठाऊक आहे. आज उत्तर फ्रान्समध्ये पडलेला बर्फ पिठासारखा बारीक आहे. इंजिनाच्या गाळण्यांना चकवून तो आत गेला. बाहेर पारा शून्याखाली, बोगद्यात 25 अंशांच्या आसपास. उबेत बर्फाचं पाणी झालं, विजेच्या यंत्रणेत ओल धरली आणि इंजिन बंद पडलं. अशा एक नव्हे, पाच गाड्या आज बंद पडल्या आहेत. दोन हजारांहून जास्त माणसं अडकली आहेत. डब्यात मात्र यातलं कोणालाच काही माहीत नाही.

उकाडा वाढतो. त्या मुलीची आई तिचा कोट काढते, मग स्वेटर, शेवटी मोजेसुद्धा, आणि तिकिटाच्या पाकिटाने वारा घालत राहते. संडास तुंबलेत. पाणी संपत आलंय. सगळे घोषणेकडे कान लावून बसलेत. ती क्वचित येते आणि आली तरी नेमकं काही कळत नाही. माणूस उकाडा सोसतो, भूक सोसतो. पण आपलं काय चाललंय हेच कोणी सांगत नसेल, तर त्याचा धीर सुटतो. आजूबाजूचे चेहरे बघा.

कित्येक तासांनी दार उघडतं. मुलीला कडेवर घेऊन आई उतरते, तुम्ही तिची बॅग उचलता. मुख्य दोन बोगद्यांच्या मधोमध तिसरा, सेवेचा बोगदा आहे. दर 375 मीटरवर त्याच्याकडे जाणारी आडवी वाट आहे. ज्यांनी हा तिसरा बोगदा खोदायला लावला, त्यांचे उपकार मानावे तेवढे थोडे. त्यातून तुम्ही पलीकडे, मोटारी वाहून नेणाऱ्या गाडीत पोहोचता. तिथे खुर्च्या नाहीत, सगळे जमिनीवरच बसतात.

पाचही गाड्यांतले प्रवासी दुसऱ्या दिवशी बाहेर आले. काहींना पंधरा-सोळा तास लागले. त्या रात्री कोणाचा जीव गेला नाही. युरोस्टारची सेवा पुन्हा सुरू व्हायला 22 डिसेंबर उजाडला. क्रिस्टोफर गार्नेट आणि क्लोद ग्रेसिए यांचा चौकशी अहवाल फेब्रुवारी 2010 मध्ये आला. गाड्यांची हिवाळ्याची तयारी अपुरी होतीच; पण गाडी अडकली तर प्रवाशांना काय सांगायचं, त्यांना कसं सांभाळायचं, याचीही धड योजना कंपनीकडे नव्हती, असा ठपका त्यात ठेवला आहे.