हार्ड डिस्क बंद पडली तर फोटो आणि कागदपत्रे कशी वाचवायची?

घरातल्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये काय काय साठलेले आहे, याचा हिशोब सहसा कुणी ठेवत नाही. निकाहचे फोटो, दादीच्या आवाजाचे रेकॉर्डिंग, मुलांच्या मार्कशीटचे स्कॅन, दुकानाचे हिशोब, मशीद ट्रस्टच्या पावत्या, असे सगळे एकाच डिस्कवर असते. मग एक दिवस कॉम्प्युटर चालूच होत नाही आणि धावपळ सुरू होते. डिस्क बिघडल्याने जेवढे नुकसान होत नाही, तेवढे पुष्कळदा नंतरच्या घाईत होते. म्हणून काय करावे आणि काय टाळावे, ते आम्ही इथे क्रमाने देत आहोत.

सगळ्यात आधी: डिस्क बंद करा

हार्ड डिस्कच्या आत गुळगुळीत चकत्या असतात. त्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेऱ्या फिरतात. माहिती वाचणारे बारीक हेड या चकत्यांवरून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. माणसाचा केस याच्या हजारो पट जाड असतो. हेड बिघडून चकतीला घासू लागले तर जिथे ओरखडा पडतो, तिथली माहिती कायमची जाते. अशी डिस्क "अजून एकदा लावून बघू" म्हणत चालू केली की प्रत्येक वेळी थोडे अधिक नुकसान होऊ शकते.

त्यामुळे टक-टक, खर्र-खर्र असा आवाज येत असेल, डिस्क पडली असेल किंवा तिच्यात पाणी गेले असेल, तर वीज काढा आणि पुन्हा लावू नका. ओली डिस्क हेअर ड्रायरने किंवा उन्हात वाळवू नका. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा जुना उपाय लोक अजूनही सांगतात, तोही करू नका. थंड डिस्क बाहेर काढली की आत दव धरते. घरी डिस्क उघडायची तर मुळीच नाही, कारण हेडच्या खाली धुळीचा एक कणसुद्धा मोठा ठरतो.

बिघाड डिस्कचाच आहे का?

कॉम्प्युटर चालू होत नाही म्हणजे डिस्क गेली, असे नसते. पॉवर सप्लाय, मदरबोर्ड किंवा विंडोजही बिघडलेले असू शकते. डिस्कमधून विचित्र आवाज येत नसेल तर ती काढून सॅटा-टू-यूएसबी केबलने दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून पाहा. डेस्कटॉपच्या मोठ्या, साडेतीन इंची डिस्कला वेगळा पॉवर अ‍ॅडॉप्टर लागतो, फक्त यूएसबीवर ती चालत नाही. एक्स्टर्नल डिस्क असेल तर आधी केबल बदला आणि दुसरे पोर्ट वापरून पाहा. बिघाड केबलचाच असेल तर काम तिथेच मिटते.

डिस्क दिसली, पण विंडोजने "फॉरमॅट करायचे का?" असे विचारले, तर "नाही" म्हणा. दुरुस्तीसाठी चेक-डिस्कही चालवू नका. ते डिस्कवर लिहिते, आणि आजारी डिस्कवर काहीही लिहिणे धोक्याचे असते. ४८ अंकांची बिटलॉकर की मागितली तर ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडण्याची शक्यता असते. ही की नसेल तर डिस्क चांगली असूनही फाइल्स उघडणार नाहीत.

डिस्कची तब्येत पाहायला क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात बदललेले सेक्टर आणि वाचता न आलेले सेक्टर यांचे आकडे दिसतात. ते वाढत असतील तर डिस्क शेवटच्या टप्प्यावर आहे असे समजा आणि सर्वात मौल्यवान फोल्डर आधी कॉपी करा.

आधी नक्कल, मग शोध

डिस्क दिसते, पण अडकत चालते, कॉपी मध्येच थांबते, अशा वेळी तिच्यावर थेट रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवू नये. आधी पूर्ण डिस्कची नक्कल तेवढ्याच किंवा मोठ्या दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. यासाठी लिनक्समध्ये डीडीरेस्क्यू हे मोफत साधन आहे. ते आधी चांगले भाग पटापट वाचून घेते आणि खराब भागांकडे नंतर वळते. कुठपर्यंत आले याची नोंदही ठेवते, म्हणून काम मध्ये थांबले तरी तिथूनच पुढे नेता येते. मात्र कुठून वाचायचे आणि कुठे लिहायचे हे उलटे दिले, तर नवी रिकामी डिस्क जुन्या डिस्कवर चढेल आणि सगळे पुसले जाईल. लिनक्सची सवय नसेल तर हे काम जाणकाराकडून करून घ्या.

नक्कल झाली की शोध नक्कलेत करा. टेस्टडिस्क हे हरवलेले पार्टिशन शोधते. त्याच्याच जोडीचे फोटोरेक हे फाइलच्या सुरुवातीची ओळख पटवून फोटो, व्हिडिओ, पीडीएफ बाहेर काढते. दोन्ही मोफत आहेत. फोटोरेकने काढलेल्या फाइल्सना जुनी नावे आणि फोल्डर सहसा राहत नाहीत, त्यामुळे नंतर निवडत बसावे लागते. सापडलेल्या फाइल्स नेहमी तिसऱ्या जागी ठेवा.

चुकून डिलीट किंवा फॉरमॅट झाले असेल तर

हार्ड डिस्कवर फाइल डिलीट केली की मजकूर लगेच पुसला जात नाही, ती जागा मोकळी आहे एवढीच नोंद होते. नवीन काही त्यावर लिहिले जाईपर्यंत आशा असते. क्विक फॉरमॅटचेही तसेच. पूर्ण फॉरमॅट मात्र विंडोज व्हिस्टापासून सगळीकडे शून्य लिहिते, त्यानंतर हाती काही लागत नाही. म्हणून अशा कॉम्प्युटरवर गाणी, गेम किंवा रिकव्हरी सॉफ्टवेअरसुद्धा डाउनलोड करू नका.

नव्या लॅपटॉपमध्ये बहुधा एसएसडी असते. तिथे डिलीट केलेली जागा ट्रिम या सोयीमुळे लवकरच आतून साफ होते, आणि ती फाइल परत मिळणे फार कठीण असते.

दुकानात किंवा लॅबमध्ये देताना

आवाज येणारी, न फिरणारी किंवा जळालेली डिस्क घरगुती सॉफ्टवेअरने वाचत नाही. तिला धूळमुक्त खोली असलेली रिकव्हरी लॅब लागते. सारख्या मॉडेलचा हिरवा बोर्ड काढून बसवला की काम होते, ही समजूतही जुनी झाली. बोर्डावरच्या चिपमध्ये त्या एकाच डिस्कची माहिती असते, ती चिप किंवा तिच्यातला मजकूर नव्या बोर्डावर न्यावा लागतो.

डिस्क देण्याआधी हे विचारा:

- तपासणीची फी किती, आणि माहिती मिळाली नाही तर पैसे द्यायचे की नाही?
- पैसे देण्याआधी सापडलेल्या फाइल्सची यादी दाखवणार का?
- डिस्क उघडणार असाल तर कुठे उघडणार?
- काम झाल्यावर तुमच्याकडची कॉपी कधी पुसणार?

पावतीवर डिस्कचा सीरियल नंबर लिहून घ्या आणि जुनी डिस्क परत मागा. घरातल्या बायका-मुलींचे फोटो, बँकेची कागदपत्रे त्यात असतात. ही अमानत आहे, म्हणून दर स्वस्त आहे एवढ्यावर कुणाच्याही हाती डिस्क देऊ नका. शक्य असेल तर घरातले कुणीतरी समोर बसा.

सगळे डिस्कमधूनच काढावे लागते असे नाही

खर्च करण्याआधी यादी करा. मार्कशीट, आधार, लायसन्स यांपैकी बरेच डिजिलॉकरवर मिळते. सातबारा ऑनलाइन निघतो. लग्नाचे फोटो फोटोग्राफरकडे असू शकतात, किंवा दुबईतल्या भाईजानला तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले त्याच्या फोनमध्ये सापडतील. दुसरीकडे कुठेच नाही, तेवढ्याचसाठी लॅबचा खर्च करा.

पुढच्या वेळेसाठी

जाणकार ३-२-१ चा नियम सांगतात: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. एक लॅपटॉपमध्ये, एक कपाटातल्या एक्स्टर्नल डिस्कवर, एक गूगल ड्राइव्हवर. गूगल १५ जीबी मोफत देते, पण त्यात जीमेल आणि फोटोही मोजले जातात. फक्त पेन ड्राइव्हवर विसंबू नका. कपाटातली डिस्क कॉपी झाल्यावर काढून ठेवा, कायम जोडलेली राहिली तर व्हायरस तिच्यावरही पोहोचतो. दर दोन-तीन महिन्यांनी तिच्यातले पाच-दहा फोटो उघडून पाहा. या ईदला सगळे घरी जमतील, तेव्हा फोनमधले फोटोही त्याच डिस्कवर घेऊन टाका.