जोलिएटचे सहा विद्यार्थी

आपल्या मंडळींत मुलांच्या शिक्षणाचा विषय निघाला की हार्वर्ड, स्टॅनफर्ड, एमआयटी ही नावे ओघानेच येतात. कोणाचा मुलगा गावातल्या दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात जाणार असेल, तर आईवडिलांचा आवाज खाली येतो. "सध्या इथेच काही क्लासेस घेतोय," एवढे सांगून विषय बदलला जातो. मी इंजिनिअरिंगमधला पीएच.डी., पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहिणारा. इतिहास हा माझा प्रांत नव्हे. पण या कॉलेजांचा इतिहास वाचल्यावर तो आपल्या वाचकांना सांगावासा वाटला.

१९०१ साली शिकागोजवळच्या जोलिएट या पोलाद आणि दगडखाणींच्या गावात हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन आणि शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी हायस्कूललाच कॉलेजची पहिली दोन वर्षे जोडली. विद्यार्थी होते सहा. दोघांचे हेतू मात्र वेगळे. गावच्या मुलांनी घरी राहून शिकावे ही ब्राउन यांची इच्छा. विद्यापीठाने वरच्या वर्गांत आणि संशोधनात लक्ष घालावे, सुरुवातीची दोन वर्षे इतरांनी सांभाळावीत, हा हार्पर यांचा विचार. एकाला दार उघडायचे होते, दुसऱ्याला ओझे उतरवायचे होते. या कॉलेजांना चिकटलेल्या कमीपणाचे एक मूळ मला या दुसऱ्या विचारात दिसते.

१९४४ च्या जी.आय. बिलामुळे युद्धावरून परतलेले सुमारे २२ लाख सैनिक कॉलेजांत शिकले. १९४७ मध्ये ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने पहिली दोन वर्षे सरकारी कॉलेजात विनाशुल्क असावीत अशी शिफारस केली आणि 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव रूढ केले. त्याच वर्षी साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी छत्रपती शिवाजी कॉलेज काढले. तिथे मुले 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर शिकू लागली. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता: ज्याच्या खिशात पैसे नाहीत त्याने शिकायचे कसे?

१९६० च्या कॅलिफोर्नियाच्या मास्टर प्लॅनने उत्तर पक्के केले. वरचे साडेबारा टक्के विद्यार्थी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियासाठी, वरचे एकतृतीयांश स्टेट कॉलेजांसाठी पात्र, आणि कम्युनिटी कॉलेज सर्वांना खुले. तिथून तिसऱ्या वर्षाला विद्यापीठात जायची वाटही ठेवली. आपल्याकडे पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाणारी मुले आठवा. त्यांना वर्कशॉपमधले जेवढे कळे, तेवढे बारावीहून आलेल्यांना क्वचितच कळे.

आता थोडे गणित. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला सध्या एका युनिटला ४६ डॉलर पडतात, म्हणजे ६० युनिटांना २,७६० डॉलर. ठरलेले विषय आणि गुण मिळवले, तर युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या सहा कॅम्पसवर प्रवेशाची हमी मिळवता येते. पदवीवर नाव शेवटच्या विद्यापीठाचेच असते.

हा केवळ मुलांचा प्रश्न नाही. माझी पत्नी मराठीची एम.ए. इथे आल्यावर तिने संध्याकाळच्या वर्गांत अकाउंटिंग शिकून घेतले. शेजारच्या बाकांवर एक निवृत्त बस ड्रायव्हर आणि एक व्हिएतनामी आजी. वयाबद्दल तिला कोणी विचारले नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. अनेक विद्यार्थी वाटेतच सोडतात, काहींची दोनाची चार वर्षे होतात, आणि चुकीचे विषय घेतले तर युनिट वाया जातात. म्हणून पहिल्याच सत्रात काउन्सिलरला भेटून, ज्या विद्यापीठात जायचे तिथे काय चालते हे लिहून घ्यावे.

आपल्यापैकी बरेच जण भारतात सरकारी अनुदानावर, नाममात्र फीमध्ये शिकून इथे आले. त्या शिक्षणाचा आपल्याला अभिमान आहे. मग आपल्या मुलाने इथल्या करदात्यांच्या पैशावर, घरचे जेवून, कर्जाशिवाय दोन वर्षे शिकायचे ठरवले, तर आवाज खाली आणायचे कारण काय?