सोलापुरी उन्हातील डॅशबोर्ड

शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म 1882 साली सोलापुरात झाला, आणि त्यांनीच 1944 मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट आणि पद्मिनी या मोटारी बाहेर पडल्या, ही गोष्ट या शहरातील जुन्या गाड्यांच्या दुरुस्तीविषयी लिहिताना अभिमानाने नमूद करावीशी वाटते. पारा चाळीस अंशांपलीकडे नेणारा इथला वैशाख मोटारीच्या अंतर्भागाचा मोठा वैरी. काचेतून येणाऱ्या उन्हाने प्लास्टिकमधील मार्दव राखणारी द्रव्ये हळूहळू उडून जातात आणि डॅशबोर्ड प्रथम फिका, मग ठिसूळ होऊन अखेरीस तडकतो. तो बदलणाऱ्या मिस्त्रीचे खरे कसब दर्शनी भागात नसून त्याच्या मागील अंधारात असते. बॅटरीची तार आधी सोडावी, स्पीडोमीटरच्या पाठीमागची केबल बोटांनी चाचपून, फिरवीत मोकळी करावी, आणि प्रत्येक वायरला चिकटपट्टीची खूण केल्यावाचून एकही जोड उपटू नये, हा दंडक जो इमानेइतबारे पाळतो त्याच्याच हवाली गाडी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पद्मिनीचे उत्पादन थांबल्यावर नवे सुटे भाग दुर्मीळ झाले. तेव्हापासून भंगारात निघालेल्या गाडीचा धडका डॅशबोर्ड आणून बसविणे, अथवा जुन्याच्याच भेगा बुजवून त्यावर रेक्झिन चढविणे, हेच मालकाच्या हाती राहिले.