सायकलच्या मानेतला ०.६ मिलिमीटर

हेडसेट म्हटलं की तुमच्यापैकी बहुतेकांचा हात कानाकडे जाईल. पण आजचा हेडसेट सायकलचा आहे. हँडल डावी-उजवीकडे ज्या बेअरिंगवर फिरतं, तो जोड. पुढचं चाक ज्यात बसतं तो फोर्क, म्हणजे आपल्या दुकानांतला चिमटा, त्याची एक नळी फ्रेममधून वर हँडलपर्यंत जाते. तिला स्टिअरर म्हणतात. या नळीच्या बुडाशी, चिमट्याच्या खांद्यावर, एक पोलादी कडं ठोकून बसवलेलं असतं. त्याचं नाव क्राउन रेस. छर्रे त्याच्यावरून फिरतात. आजचा आख्खा एपिसोड या कड्याच्या भोकावर आहे. हसू नका, मजा आहे त्यात.

तर हे कडं घट्ट बसतं. हाताने दाबून जाणारच नाही इतकं घट्ट, आणि मुद्दाम. चिमट्याच्या खांद्याचा व्यास कड्याच्या भोकापेक्षा साधारण ०.१ ते ०.१५ मिमी जास्त ठेवलेला असतो. मोठ्या खांद्यावर छोटं कडं चढवायचं, कडं किंचित ताणलं जातं आणि तो ताणच त्याला धरून ठेवतो. कॉलेजात याला इंटरफिअरन्स फिट म्हणून शिकवतात. सैल असेल तर काय होईल? प्रत्येक खड्ड्यात कडं हलेल, खांदा खात जाईल, आणि तुम्ही वरचा नट कितीही वेळा आवळा, आठवड्यात हँडल पुन्हा खुळखुळणार.

ही कल्पना आपल्याकडच्या कुठल्याही लोहाराला माहीत होती. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव बसवताना ती चाकापेक्षा थोडी लहानच घडवतात, जाळात तापवून फुगवतात, चाकावर टाकतात आणि वर पाणी ओततात. धाव आकसते आणि आरे, तुंबा सगळं करकचून बांधलं जातं.

मग सायकलचं कडंही तापवून का चढवू नये? गणित करून बघू. पोलाद दर अंश सेल्सिअसला लांबीच्या साधारण लाखात १.२ भाग इतकं वाढतं. चार फूट व्यासाची धाव ५०० अंशांनी तापवली तर व्यास ७ मिमीच्या आसपास वाढतो. आपलं कडं २६.४ मिमीचं. ते १०० अंशांनी तापवलं तर वाढ जेमतेम ०.०३ मिमी. म्हणजे लागणाऱ्या फरकाच्या तिसरा हिस्सा. आणि यापेक्षा फार तापवता येत नाही, कारण कडं पाणी दिलेल्या पोलादाचं असतं. दीडशे-दोनशे अंशांच्या पुढे गेलं की ते पाणी उतरायला लागतं, पोलाद नरम पडतं, आणि मग छर्रे त्यात खळगे पाडतात. म्हणून इथे जाळ नाही, ठोका. स्टिअररवर बसेल अशी एक जाड नळी घ्यायची, तिचा काठ कड्याच्या आतल्या कडेवर टेकवायचा, आणि वरून सरळ ठोके. छर्रे जिथून फिरतात त्या वाटेवर ठोका पडता कामा नये. आवाज बदलला, बद्दऐवजी टणक आला, की समजायचं कडं बुडाला टेकलं.

इथपर्यंत सरळ आहे. गोम पुढे आहे. जगात एक इंची स्टिअररच्या कड्यांची दोन प्रमुख मापं फिरत होती: २६.४ मिमी आणि २७.० मिमी. पहिलं आंतरराष्ट्रीय आयएसओचं, दुसरं जपानी जेआयएसचं. फरक ०.६ मिमी. डोळ्याला दिसत नाही. २७.० च्या कड्यासाठी केलेल्या खांद्यावर २६.४ चं कडं ठोकायला घेतलं, तर तेही "घट्ट बसतंय" असंच वाटतं. पण योग्य घट्टपणात कडं साधारण ०.४ टक्के ताणलं जातं, आणि या चुकीच्या जोडीत अडीच टक्क्यांहून जास्त ताणावं लागेल. पाणी दिलेलं पोलाद इतकं ताणलं जात नाही. तडकतं. हातोडीला यातलं काहीही कळत नाही, व्हर्निअरला कळतं.

मग ही दोन मापं आली कुठून? खरं तर दोनच नाहीत. त्यासाठी इंग्लंडला जावं लागेल.

१८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थने स्क्रूच्या आट्यांसाठी एक प्रमाण सुचवलं, आट्याचा कोन ५५ अंश. तोपर्यंत जवळपास प्रत्येक कारखान्याचा नट वेगळा होता. १८६४ मध्ये अमेरिकेत विल्यम सेलर्सने ६० अंशांचा आटा मांडला. आज आपण चालवतो त्या घडणीची सायकल, स्टार्लीची रोव्हर, १८८५ ची. म्हणजे सायकल जन्मली तेव्हा जगात आट्यांवरून आधीच दोन घराणी होती. ब्रिटिश सायकलवाल्यांनी पुढे आपलं वेगळं प्रमाण ठरवलं. त्यात हेडसेटला एक इंची नळी आणि इंचाला २४ आटे. पण नॉटिंगहॅमच्या रॅलेने आपल्या कारखान्यात इंचाला २६ आटे ठेवले, आणि कित्येक दशकं ठेवले. माझं मत विचाराल तर यात इंजिनिअरिंग कमी आणि ऐट जास्त होती. कारखाना एवढा मोठा असला की बाकीच्यांशी जुळवून घ्यायची गरजच वाटत नाही. (मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांची नावं घेत नाही, नोकरी आहे मला.)

फ्रान्सने इंच मुळात मानलाच नाही. त्यांची नळी २५.० मिमी, आट्याची पिच १ मिमी. आता तिन्ही शेजारी ठेवून बघा. २४ आट्यांची पिच १.०६ मिमी, फ्रेंच १.००, रॅलेची ०.९८. नट चुकीचा असला तरी पहिले दोन-तीन फेरे जाऊ शकतो, मग अडतो. तिथे माणसाला वाटतं, गंज असेल, आणि तो मोठा पान्हा आणतो. झाले आटे साफ! इटलीचा किस्सा तर आणखी गमतीचा. देश मेट्रिक, पण नळी एक इंची, २४ आटे, आणि कोन व्हिटवर्थचा ५५ अंश. खांद्याचं मापही देशागणिक थोडं थोडं वेगळं. फ्रेंच आणि इटालियन कडी २६.५ ची.

जोवर फ्रेंच सायकल फ्रान्समध्ये आणि इंग्लिश इंग्लंडमध्ये दुरुस्त होत होती, तोवर कुणाचं फारसं बिघडत नव्हतं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत सायकलचं वेड आलं. एकट्या १९७३ मध्ये तिथे सुमारे दीड कोटी सायकली विकल्या गेल्या. पूझो, रॅले, जपानी, इटालियन, सगळ्या एकाच गल्लीतल्या एकाच दुकानात दुरुस्तीला यायला लागल्या. कुठला भाग कशाला चालतो याची कोष्टकं हा मेकॅनिकसाठी जगण्यामरण्याचा प्रश्न झाला, आणि त्याच दशकात कॅलिफोर्नियात हॉवर्ड सदरलँडचं मेकॅनिक लोकांसाठीचं हँडबुक निघालं. मापांची कोष्टकं हाच त्याचा जीव. मला विचाराल तर सायकलच्या इतिहासातलं ते फार मोठं काम आहे, कारण त्याने कुठलंही नवं प्रमाण काढलं नाही. जे होतं ते मोजून लिहून ठेवलं.

कोष्टक पाहून कळलं की खांदा २७ चा आहे आणि कडं २६.४ चं, तर उपाय आहे. खांदा गोल कापणारं खास हत्यार मिळतं, त्याने धातू तासून माप खाली आणतात. उलट असेल, खांदा बारीक आणि कडं मोठं, तर तासून काय करणार? मग त्या मापाचं कडं शोधा. ते मिळालं नाही की चांगला चिमटा भंगारात जातो.

आपल्याकडेही रॅले होतीच. बंगालमध्ये आसनसोलला सेन-रॅलेचा कारखाना होता. घरात आजोबांची जुनी सायकल असेल आणि हेडसेट बदलायचा असेल, तर नावाच्या पट्टीवर जाऊ नका. कुणी कधी काय बदललंय सांगता येत नाही. आधी इंचात आटे मोजा, मग व्हर्निअरने खांदा मोजा, मग दुकानात जा.

आट्यांचं भांडण मिटलं ते आटेच काढून टाकल्यावर. जॉन रेडर नावाच्या अमेरिकन माणसाने गुळगुळीत स्टिअररवरचा हेडसेट काढला. १९९२ मध्ये पेटंट मिळालं, आणि दिया-कॉम्पेने तो अहेडसेट नावाने विकला. वरून टोपी आणि बोल्टने दाबायचं, हँडलची स्टेम नळीवर आवळायची, संपलं. पण खालचं कडं राहिलंच, आणि मापं थांबली नाहीत. माउंटन बाइकने नळी सव्वा एक इंच करून पाहिली, शेवटी एक अष्टमांश जास्त, म्हणजे २८.६ मिमी टिकली. तिचं कडं ३० चं. मग खाली दीड इंच आणि वर २८.६ अशा निमुळत्या नळ्या आल्या, त्यांचं कडं ३९.८ चं. आता निदान एक सांकेतिक भाषा आहे. हेडसेटच्या खोक्यावर माप आणि प्रकार अक्षर-आकड्यांत छापलेला असतो.

आणि घट्ट कड्याचं काय? आजच्या चांगल्या हेडसेटमध्ये छर्रे बंद कार्ट्रिजच्या आत असतात. पाणी दिलेलं पोलाद त्या कार्ट्रिजमध्ये आहे, खालच्या कड्यावर आता काही फिरत नाही. त्याला फक्त कार्ट्रिज मधोमध धरून ठेवायचं असतं. त्यामुळे बऱ्याच कंपन्या या कड्याला करवतीने घेतल्यासारखी एक चीर ठेवतात. चिरेमुळे ते उघडतं, अंगठ्याने दाबून खांद्यावर बसतं, आणि वरून कार्ट्रिजचा दाब आला की मिटून घट्ट होतं. साध्या काळ्या सायकलीत मात्र अजूनही सुटे छर्रे आहेत, आटे आहेत, आणि ठोकून बसवायचं कडं आहे.